लाल दोऱ्याची पोती

श्रद्धाने बाटली उचलून खिडकीच्या उजेडात धरली. बुडबुडे येत होते. एकापाठोपाठ एक, अगदी निर्धास्तपणे.

या बाटलीत काहीही घडायला नको होतं. उसाच्या पाचटापासून इथेनॉल करायचं तर पाचट दळून उकळायचं, एन्झाइम घालून त्यातली साखर सुटू द्यायची आणि ती यीस्टला खाऊ घालायची. या बाटलीत मुद्दामच एन्झाइम घातलं नव्हतं. म्हणजे साखर नाही, यीस्ट उपाशी, बाटली गप्प. गेल्या तीन महिन्यांत तिने ही तपासणी एकदाही केली नव्हती. जे होणारच नाही ते कशाला बघत बसायचं, असं तिचं म्हणणं. आता समितीने मागितली म्हणून केली.

समिती सोमवारी, म्हणजे उद्याच, संस्थेत येणार होती. किलोभर पाचटातून अडीचशे मिली, या श्रद्धाच्या आकड्यावर मोठा प्रकल्प मंजूर व्हायचा होता आणि तिची नोकरी पक्की व्हायची होती. पडताळा म्हणून तिच्या सहकाऱ्याने, शुभंकरने, त्याच शेतातल्या पाचटावर तीच चाचणी वेगळी केली होती. तो एकशे ऐंशीच्या पुढे गेला नाही. “भांडी नीट धूत नसेल,” असं श्रद्धा बैठकीत म्हणाली होती. हसण्यावारी म्हणाली, पण संस्थेच्या प्रमुख सरांनी ते खरं धरलं आणि महिन्याभरापूर्वी शुभंकरला नारळ मिळाला.

श्रद्धाने बाटली खाली ठेवली. यीस्ट, पाणी, बाटल्या, सगळं तिने पुन्हा तपासलं. दोष कशातच नव्हता. राहिलं पाचट, तिच्या माहेरच्या शेतातलं, आईने पोत्यांत भरून दिलेलं. तिने स्कूटर काढली. हडपसरला रविवारीही गाड्या इंचाइंचाने सरकत होत्या आणि तिला प्रत्येक सिग्नलवर रडू येत होतं.

लोणी काळभोरला तिची आई, वेणूबाई, ओट्यावर लसूण सोलत बसली होती. श्रद्धा तिच्याशी न बोलता सरळ मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. तिथे पाचटाची पोती होती. लाल दोऱ्याने शिवलेली तीन श्रद्धाची. पांढऱ्या दोऱ्याची दोन शुभंकरची, त्याने न नेलेली. लाल दोऱ्याच्या पोत्यांवर मुंग्यांची रांग लागली होती. पांढऱ्यांकडे एकही फिरकली नव्हती.

“आई, यात काय घातलंस?”

“काय न्हाई गं,” वेणूबाई मागोमाग येत म्हणाली. “किलो-किलो गूळ. किसून कालवला.”

“गूळ?”

“मग लेकीला नुसतं पाचट द्यायचं व्हय? माहेरातनं कोरडं कुणी लावून देतं का? आन् तूच म्हणालीस, यातनं साखर काढतो. म्हटलं, जरा जास्ती निघंल.”

“आणि शुभंकरच्या पोत्यांत?”

“त्येच्यात कशाला? त्यो काय माहेरवाशीण हाय?”

वेणूबाई स्वतःच्याच बोलण्यावर हसली. मग लेकीचा चेहरा बघून थांबली.

“का गं? काम बिघडलं का काय?”

“तुझं काही चुकलं नाही,” श्रद्धा म्हणाली.

वेणूबाई चहा टाकायला आत गेली. श्रद्धा तिथेच एका पोत्यावर टेकली. गुळाचं आईखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. संस्थेत जाऊन ती बाटली मोरीत ओतली की प्रश्न मिटत होता. तसं करायचा तिला मोह झाला, आणि मोह झाला याची लाजही वाटली. भीती तर होतीच. ती मात्र आता आकड्याची उरली नव्हती, शुभंकरला तोंड कसं दाखवायचं याची होती. सरांना काय सांगायचं, हे ती मनात जुळवू लागली. मग तिने सरांच्या ऐवजी दुसराच नंबर लावला.

“बोला मॅडम,” शुभंकर म्हणाला. “आता कुठली चूक सापडली?”

“तुझी नाही. तुझा आकडा बरोबर होता, शुभंकर. माझ्या पाचटात गूळ होता. सगळ्याच वेळी.”

 नोकरी गेल्यापासून तो शिकवण्या घेत होता; पलीकडून क्लासातल्या मुलांचा गलका ऐकू येत होता.

“सरांना सांगितलंस?”

“आधी तुला. उद्या समितीपुढे येशील?”

“तुझ्याबरोबर,” त्याने शांतपणे विचारलं, “की तुझ्या जागी?”

श्रद्धाने डोळे मिटले.

“तू म्हणशील तसं,” ती म्हणाली.