काचेआडचं पाणी

मी एका जुन्या मोटारीचा उजवा दिवा आहे. आता दिवा तरी कसला, फळीवर धूळ खात पडलेलं काचेचं भांडं! पण मित्रांनो, एक गोष्ट माझ्या मनाला सारखी डाचते आहे. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

कारखान्यात माझ्या पाठीशी चकचकीत आरसा बसवला आणि पुढे काच. बल्बचा उजेड गोळा करून रस्त्यावर लांब फेकायचा, एवढंच त्या आरशाचं काम. बारा वर्षं मी ते इमानेइतबारे केलं. आमची मोटार सिस्टरबाई चालवत. दवाखान्यातर्फे घरोघर जाऊन त्या आजाऱ्यांना इंजेक्शनं देत, जखमा बांधत. त्यांचे यजमान रेडिओ दुरुस्त करत, म्हणून सगळे त्यांना वायरमास्तर म्हणत. धड चाललेलं यंत्रसुद्धा त्यांना खोलून बघितल्याशिवाय राहवत नसे!

एका रविवारी त्यांच्या डोक्यात आलं, बायकोच्या मोटारीला आपण घरी केलेले एलईडी दिवे बसवायचे. त्यांनी मला उपसून काढलं, चिकटवलेलं सुटावं म्हणून चक्क स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये शेकलं आणि काच उघडली. मग पांढऱ्या एलईडीची पट्टी थेट आरशावरच चिकटवली. माझ्या डाव्या भावाचीही तीच गत. काचा परत बसल्या, पण वायरीसाठी पाडलेली भोकं बुजवायची राहून गेली. शेजारीपाजारी बघायला जमले. "काय झकास दिसतोय हो दिवा!" खरं सांगतो, मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

तिसऱ्या दिवशी सिस्टरबाई म्हणाल्या, "अहो, मला नीट दिसत नाही."

"असं कसं? सगळे म्हणतात, लांबूनसुद्धा छान दिसतोय!"

"दिवा दिसतोय हो. मला रस्ता दिसत नाही."

मास्तर हसले. "वय झालं तुझं. चष्म्याचा नंबर वाढला असेल."

झालं! बाईंनी मुकाट्याने नवा चष्मा केला. इकडे भोकातून ओल शिरत होती आणि माझ्या काचेला आतून घाम फुटत होता. नव्या चष्म्यातूनही त्यांना रस्ता धूसरच दिसे. मग त्या घाबरल्या. मोटारीत बसून सुईत दोरा ओवून बघत. दोरा पहिल्या झटक्यात जाई, तरी त्यांचा विश्वास बसेना. मला सगळं कळत होतं, पण दिव्याला वाचा नसते.

एका सकाळी दाट धुकं पडलं. माझा उजेड धुक्यावर आपटून उलट बाईंच्याच डोळ्यांवर येत होता. समोरून सायकलवर पोस्टमन आला. तो दिसला तेव्हा फार उशीर झाला होता. त्याचा जीव वाचला, पण मनगट मोडलं. बाईंनीच ते बांधलं, रडत रडत.

घरी येऊन त्या राजीनामा लिहायला बसल्या. "माझे डोळे गेले. उद्या कुणाला सुई चुकीची टोचली म्हणजे?"

धडकेत मला तडा गेला होता. मला काढायला मास्तर बाहेर आले. तिरपं करताच माझ्यातून भळाभळा पाणी सांडलं. ते बघतच राहिले. मग तसेच मला घेऊन घरात गेले.

"तुझे डोळे शाबूत आहेत गं," ते म्हणाले. "चूक माझी आहे. आरसा मीच झाकला."

बाईंचं पेन थांबलं. "मग इतके दिवस तुम्ही मला आंधळी ठरवलंत?"



राजीनामा फाडला गेला. मोटारीला साधे दिवे आले. पण बाई अजूनही वाटेत गाडी थांबवून विनाकारण चष्मा पुसतात, असं मास्तर परवा कुणाला तरी सांगत होते. सांगताना त्यांची मान खाली होती.

मित्रांनो, आम्हा दिव्यांची निगा राखा, हे तर मी सांगेनच. पण आपलं माणूस "मला अंधुक दिसतंय" म्हणालं, तर आधी दिवा पुसून बघा. त्याच्या डोळ्यांना मग नावं ठेवा.