सांबारात मीठ नाही

"सांबारात मीठ नाही गे, वेंकू!"

नवरात्राच्या पंगतीत सेतुमाधवांनी पहिल्याच घासाला सांगितलं. त्यांची बहीण वेंकूबाई हसत मीठ घेऊन आली. नैवेद्याचा स्वयंपाक रांधणारीनं चाखायचा नाही. पंगतीतल्या वडीलधाऱ्यांनी उणं मोठ्यानं सांगायचं, ही तंजावूरच्या त्या मराठी घराची रीत.

"मलाच विचारला असतास अण्णा, तर म्हटले असते, अमृत झालंय. तुझीच जीभ मेली!"

सगळे हसले. लक्ष्मीप्रियाचा, सेतुमाधवांच्या भाचीचा, हात मात्र केळीच्या पानावर थबकला.

सॉफ्टवेअरमधल्या दोषांची एक जगभरची सूची होती. तंजावुरात बसून ती सांभाळण्यात लक्ष्मीप्रियाचे केस पिकले होते. सूचीत क्रमांक मिळाला की दोष जगाला कळे, दुरुस्त होई. पण आपल्या मालातला दोष खरा की नाही, हे कंपनीनंच ठरवायचं, असा नियम. पापनाशमच्या कीर्तना नावाच्या तरुणीनं सलाइनमधून औषध सोडणाऱ्या यंत्रात दोष शोधला होता: बाहेरचं कोणीही औषधाची मात्रा वाढवू शकत होतं. कंपनी म्हणाली, दोष नाहीच. क्रमांक नाही, म्हणून इशारा नाही. यंत्रं रुग्णांच्या उशाशी चालूच होती.

संध्याकाळी सूचीच्या समितीची बैठक पडद्यावर भरली. नियम बदलायची तिची मागणी याआधी फेटाळली गेली होती. या वेळी तिनं बिनमिठाच्या सांबाराची गोष्ट सांगितली. "रांधणाऱ्यानं चव ठरवू नये. दोष शोधणाऱ्याचं ऐकून त्रयस्थ मंडळानं ठरवावं."

"आणि त्या मंडळात तुम्हीच बसणार?" अध्यक्षांनी विचारलं. "तुमच्या जिभेवर नजर कोणाची?"

स्वयंपाकघरातून वेंकूबाईंचं गुणगुणणं येत होतं:

*रांधिते मी बाई, चव जाणे जेवणारा,*
*उणं सांगे तोच माझा सख्खा सोयरा.*

लक्ष्मीप्रियानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"मी बसणार नाही. मी नाकारलेले दोषही मंडळानं पुन्हा तपासावेत. सूचीत बदल करायची किल्ली आजच खाली ठेवते."

पडद्यावर अध्यक्षांनी मतं मागितली. मग एक हात वर गेला. मग दुसरा. मग बरेच.

काही दिवसांनी कीर्तनाचा फोन आला. "अक्का, क्रमांक आला! आस्पत्री-दवाखान्यांना इशारा गेला. यंत्रं थांबवून दुरुस्त करताहेत! पण तुमचं नाव कुठंच नाही हो."

"परवाइल्लै गे, राहू दे. तुझं आहे न्हवे? सेरी, बरं, जेवलीस का?"

फोन ठेवून तिनं सूची उघडली. नव्या ओळीत एक स्वल्पविराम राहिला होता. सवयीनं तिचं बोट दुरुस्तीच्या खुणेकडे गेलं. तिथं आता काहीच नव्हतं.

तिनं हात मांडीवर ठेवला, आणि जगातल्या इतर कोणाहीसारखी ती ओळ नुसती वाचली. मग पुन्हा एकदा, सावकाश.