टाच ते काख

दादाला टेप मान्य नव्हती असं नाही. घरात एक होतीही. पण ती शोधण्यापेक्षा दादा सापडणं सोपं, म्हणून घरातली प्रत्येक वस्तू दादाला आडवं पाडून मोजली गेली होती. कपाट घोट्यापासून कानापर्यंत. सोफा म्हणजे अख्खा दादा, वर एक वीत. वहिनी लग्न होऊन आली त्याच आठवड्यात नवरा जमिनीवर पडलेला पाहून किंचाळली होती. तेव्हा धाकट्याने तिला पाणी देऊन समजावलं होतं, "काही नाही वहिनी, पलंगाचं माप चाललंय."

दोघा भावांचा धंदा पडलेल्या झाडांचा. वादळाने, म्हातारपणाने किंवा शेजाऱ्याच्या तक्रारीने पडलेलं झाड कापायचं आणि ट्रॉलीत भरून न्यायचं. त्यासाठी एक छोटा ट्रॅक्टर होता. त्याच्या तोंडाशी लोडर, म्हणजे दोन लोखंडी हात आणि त्यांना लावलेली बकेट. बकेटमध्ये माती राहते. फांद्या राहत नाहीत, वाटेत सांडतात. म्हणून धाकटा ट्रॅक्टर चालवायचा आणि फांद्या दादा स्वतः उचलायचा. सीटवर बसायला दादा तयार नव्हता. बसून केलेल्या कामाला काम म्हणत नाहीत, असं त्याचं मत होतं, आणि ते तो उभ्यानेच सांगायचा.

मग दादाच्या कमरेने राजीनामा दिला. डॉक्टरांनी ओझं बंद केलं आणि वहिनीने निकाल दिला: "पंजा आणा आणि सीटवर बसा, नाहीतर घरी बसा. बसायचं तर आहेच, कुठे ते तुम्ही ठरवा."

पंजा म्हणजे बकेटच्या जागी बसणारा लोखंडी जबडा. फांद्यांखाली घुसतो, वरून मिटतो, मुठीत धरल्यासारखं उचलतो. तो आणायला दोघं दुकानात आले तेव्हा धाकटा उभ्या उभ्या पेंगत होता. दादाची कंबर गेल्यापासून चढा, चालवा, उतरा, भरा, परत चढा, सगळं त्याच्या एकट्याच्या गळ्यात आलं होतं. हल्ली तो स्वप्नातही फांद्याच उचलायचा आणि सकाळी त्या जागच्या जागी असायच्या.

दादा सगळ्यात मोठ्या पंजापुढे उभा राहिला. "हा. सहा फुटी."

"काका, तुमचा लोडर उचलतो किती?" दुकानदाराने विचारलं.

"भरपूर."

"चारशे किलो," धाकटा डोळे न उघडता म्हणाला.

"हा पंजाच अडीचशेचा आहे. म्हणजे फांद्यांना उरले दीडशे. वर एवढं वजन पुढे लोंबलं की ट्रॅक्टरची मागची चाकं उचलतील."

"उचलू देत. बिचारी जन्मापासून जमिनीवरच आहेत."

धाकट्याने डोळे उघडले. दादाला सहा फुटीच का हवा, ते त्याच्या लक्षात आलं. तो चालणार नव्हता म्हणून. दोन दिवसांत पंजा नापास होणार, दादा म्हणणार, "बघ, शेवटी आपले हातच खरे," आणि परत वाकणार. आणि एखाद्या दिवशी वाकलेला दादा तसाच राहणार.

"पंजा ट्रॅक्टरच्या चाकांएवढा रुंद घ्यायचा," दुकानदार म्हणाला. "अरुंद घेतला तर बाजूच्या फांद्या चाकाखाली येतात, टायर फाटतात. तुमचा ट्रॅक्टर किती रुंद?"

"टाच ते काख," दोघं भाऊ एका सुरात म्हणाले.

दुकानदाराने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "कोणाची?"

दादा फरशीवर आडवा झाला. त्याला बराच वेळ लागला. आधी एक गुडघा, मग टेबलाचा पाय धरून दुसरा, मग कूस. दुकानदाराने, गिऱ्हाईक म्हणजे देव असं स्वतःला बजावत, टेप लावली.

"चार फूट."

धाकट्याला माहीत होतं की ट्रॅक्टर साडेचार फूट आहे. शेडचं दार बसवणाऱ्या सुताराने सुताराच्या टेपने मोजलं होतं, आणि तेव्हा दादाही तेवढाच भरला होता.

"तुझी टेप आखडलीय," दादा खालून म्हणाला.

"पोलादी आहे, काका."

"पोलादही आखडतं. थंडीत."

"गुडघे जरा सरळ करता?"

"सरळच आहेत."

गुडघे तंबूसारखे उभे होते.

साडेचार म्हणायला धाकट्याला एक शब्द पुरला असता. पण त्या शब्दाचा अर्थ, दादा, तू आखूड झालास, असा होता, आणि तो उचलायचं बळ त्याच्या अंगात नव्हतं. तो दादाच्या शेजारी जाऊन आडवा झाला. फरशी गार होती, ग्रीसचा वास होता, आणि पाठ कधी नव्हे ती सपाट टेकली.

एक बाई फिल्टर घ्यायला आल्या. दोघांना ओलांडून त्यांनी विचारलं, "हा जुना माल का?"

"नाही ताई, गिऱ्हाईक आहे."

"तू का झोपलास?" दादाने विचारलं.

"दमलो."

"मी नाही दमलो."

"बरं."

दादाने मान उचलून पायांकडे पाहिलं. डोकी जुळवून ठेवली की धाकट्याचे पाय नेहमी त्याच्या घोट्यापाशी संपायचे. आज ते पुढे निघाले होते.

"वाढलास का रे?"

"चाळिशीत?"

दादा छताकडे बघत राहिला. मग तिथूनच दुकानदाराला म्हणाला, "साडेचारचा आहे?"

"आहे. एकशे चाळीस किलो. फांद्यांना दोनशे साठ उरतात. पण माप तर चार..."

"सहा इंच घरी राहिलेत माझे. साडेचारचाच काढ."

दुकानदार आत गेला. आतून साखळी ओढल्याचा आवाज आला. धाकटा गप्प पडून होता. बोललो तर हा विचार बदलेल, अशी त्याला भीती वाटत होती.

"तो मिटायचा कसा?" दादाने विचारलं. "सीटवरून?"

"उजव्या हाताला दांडा असतो. पुढे ढकलला की उघडतो, मागे घेतला की मिटतो."

दादाने पडल्या पडल्या हवेत हात पुढे ढकलला, मागे ओढला. "असा?"

"हळू. एवढा झटका दिलास तर फांदी माझ्या डोक्यात बसेल."

"तू खाली उभा राहून बडबडू नकोस म्हणजे झालं," दादा म्हणाला आणि दांडा पुन्हा, या वेळी हळू, मागे घेतला.