चंद्रहासने न मारलेली समीहा

मित्रांनो, मी एक जुनी अरबी रहस्यकादंबरी आहे. तळहाताएवढी, स्वस्त कागदाची, पाठ मोडलेली. तोक्योतल्या ओजिमा भागात, वीणाच्या स्वयंपाकघरात, भाताच्या कुकरशेजारी माझा मुक्काम असतो.

मला लिहिलं कमाल नस्सार यांनी. अलेक्झांड्रियाच्या एका शाळेत ते विज्ञान शिकवत आणि उरल्या वेळात समुद्रातल्या गूढकथा लिहीत. विद्वान नाकं मुरडत. पोरं मात्र आम्हाला पाठ्यपुस्तकात लपवून वाचत. माझा नायक पाणबुड्या आणि समीहा त्याची बायको. कमालसाहेब मला लिहीत असतानाच त्यांची स्वतःची बायको गेली. तिसऱ्या प्रकरणात त्यांनी समीहालाही मारलं. वाचक चिडले, भांडले, पण कमालसाहेबांनी तिला परत आणलं नाही. पुढे तेही गेले.

मस्कतमध्ये वाढलेल्या चंद्रहासने शाळेत असताना मला फुटपाथवरून उचललं. माझ्यामुळे त्याला समुद्राचं वेड लागलं. त्याच वेडापायी तो समुद्राचा अभ्यास करायला जपानला आला आणि मीही त्याच्या खिशातून आले.

त्याच्या बायकोचं, वीणाचं, मोठं ऑपरेशन झालं, तेव्हापासून दर रविवारी तो तिला माझं थोडं थोडं मराठीत सांगू लागला.

"अहो, समीहा आज काय करतेय?"

"तुझंच काम. नवऱ्याला टोमणे मारतेय."

"मारेल नाहीतर काय. घरात पाय टिकतो का त्याचा?"

वीणा हसायची आणि टाक्यांवर हात धरायची. तिला पुन्हा चालता-फिरता येऊ लागलं, तरी रविवार चुकला नाही. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. अशात या मार्चमध्ये, ऑफिसला जाताना, ट्रेनमध्ये बसल्या जागी चंद्रहास गेला.

त्या घरात अरबी येणारं दुसरं कोणी नव्हतं. वीणा मला हातात घ्यायची, उलटसुलट करायची आणि ठेवून द्यायची. शेवट ऐकायचा राहिला, एवढंच म्हणायची.

काल लेक सई म्हणाली, "आई, चोत्तो, जरा थांब. फोन वाचून दाखवेल." सईने माझ्या शेवटच्या प्रकरणावर फोन धरला. फोन मराठीत बोलू लागला, "समीहाच्या मृत्यूला सात वर्षं झाली होती."

"चुकतोय तुझा फोन," वीणा म्हणाली. "मागच्या प्रकरणात तर तिने मासे तळले होते."

सईने एकेक पान मागे नेत फोन धरला. तिसऱ्या प्रकरणाशी ती थांबली.

"आई, ती इथेच गेलीये. पुढचं सगळं बाबा मनाने सांगत होते."

वीणा खाली बसली. म्हणाली, "मी तेव्हा अंथरुणात होते. मला कसं सांगतील, बायको मेली म्हणून?" मग डोळे पुसत म्हणाली, "आणि मी म्हणायचे, तुमची गोष्ट फार लांबते हो."

"शेवट वाचू का?"

"नको. फोन बंद कर."

मित्रांनो, मी छापलंय तेवढंच सांगू शकते. वीणाने ऐकलेली समीहा माझ्या एकाही पानावर नाही. तुमच्या घरात कोणी गोष्ट सांगत असेल, तर तिला लांबू द्या, पुढचं विचारत राहा आणि ऐकलेलं कुणाला तरी सांगून ठेवा. मी हरवले तर माझी दुसरी प्रत कुठेतरी मिळेल. चंद्रहासच्या गोष्टीची मिळायची नाही.