उंबऱ्याबाहेर पसरलेली जाजम

मित्रांनो, गावच्या चावडीतली मी एक जुनी जाजम आहे. जाड्या मांजरपाटाच्या चार पट्ट्या जोडून मला शिवले आणि पुण्याच्या एका रंगाऱ्याने लाकडी ठशांनी माझ्यावर तांबडी फुले उठवली. ती फुले आता फिकी झाली आहेत. मी इतकी लांब आहे की चावडीत मला अख्खी कधीच उलगडत नसत. निम्मी पसरायची आणि उरलेल्या भागाची गुंडाळी भिंतीशी सारायची. म्हाताऱ्या माणसांना टेकायला तीच उपयोगी पडे.

आमचे गाव पवनेच्या काठी, चिंचवडपासून थोड्या अंतरावर. गावातले वाद, लग्नांची बोलणी, जत्रेचा बेत, सारे माझ्यावर बसूनच ठरले. पाहुणे माझी फुले न्याहाळत, पुण्यात कुठे मिळाली म्हणून चौकशी करत. मला त्याचा अभिमान वाटे. मात्र एक गोष्ट मी पुष्कळ वर्षे पाहत होते आणि तिचा विचार कधी केला नव्हता. माझ्यावर बाई कधी बसली नव्हती. बसणे दूरच, चावडीत निरोप घेऊन आलेली बाई माझ्या काठावर पायसुद्धा पडू देत नसे. उंबऱ्याबाहेर उभी राहून बोले आणि निघून जाई.

आणि मला धुवायच्या मात्र बायकाच. चावडी झाडणारी ठकुबाई आणि तिच्या मैत्रिणी मला डोक्यावर घेऊन नदीवर जात. रिठ्याच्या पाण्यात भिजवून, दगडावर आपटून त्या मला स्वच्छ करीत. वाळूवर वाळत पडले की त्या माझ्याभोवती बसून गप्पा मारत. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यांत सुखाचे दिवस.

मग गावाजवळ कारखाना आला. जमिनीची मोजणी झाली आणि कारखान्याचे एक साहेब चावडीत आले. ते सभ्य गृहस्थ होते. कुंपण घालण्यापूर्वी गावाला कोणकोणत्या जागा मोकळ्या हव्यात, ते सांगा, असे त्यांनी विचारले. माझ्यावर बसलेल्या मंडळींनी नीट विचार केला. सरपंच हिंदुरावांनी गाडीवाट सांगितली. कुणी कुरण सांगितले, कुणी भैरोबाचे ठाणे सांगितले. साहेबांनी सगळे मान्य केले. मंडळी खूश होऊन उठली.

कुंपण उभे राहिले तेव्हा कळले की नदीवर पाण्याला जायची पायवाट त्याच्या आत गेली होती. चावडीत बसलेला प्रत्येक माणूस रोज नदीचे पाणी पीत होता, पण त्यांतला एकही घागर घेऊन त्या वाटेने कधी गेला नव्हता. ती त्यांना आठवली नाही. मी या गोष्टीवर पुष्कळ विचार केला आहे आणि मला त्यात कुणाचा दुष्टपणा दिसत नाही. जे पायाखाली येत नाही ते ध्यानात राहत नाही.

बायकांना आता रेल्वेच्या रुळांकडून वळसा घालून जावे लागे. खडीवरून डोक्यावर भरलेली घागर घेऊन चालताना गवराबाई पडली. तिला दिवस गेलेले होते. मूल वाचले, पण ती बरेच दिवस अंथरुणाला खिळून होती. तेव्हा कुशाबाई नावाची, कुणाला न भिणारी शेतकरीण हिंदुरावांकडे गेली. त्यांनी ऐकून घेतले आणि आता सह्या होऊन गेल्या, दिलं ते दिलं, असे सांगितले.

माझेही हाल सुरू झाले. एवढी जड जाजम वळशाच्या वाटेने कोण नेणार? माझ्यात धूळ साचली, घाम मुरला, एका कोपऱ्याला उंदीर लागले. लोक बसायला आले की नाक मुरडत.

अशात चिंचवडच्या शाळेतल्या सुमनताई बायकांना अक्षरओळख शिकवायला येऊ लागल्या. एक दिवस त्यांनी बातमी आणली. सरकार ग्रामपंचायतींचा नवा कायदा करणार होते आणि गावकऱ्यांची मते ऐकायला एक समिती गावोगाव फिरत होती. ती आमच्याकडेही येणार होती. सुमनताईंचे म्हणणे, समितीपुढे पायवाट मागावी. कुशाबाईने नकारार्थी मान हलवली.

“वाट मागितली तर वाट देतील, ताई. उद्या आनखी काय बंद झालं की पुन्ना दारात हुबं ऱ्हायचं का? कायदा करत्यात तर त्यात आमास्नी बसायला जागा मागू.”

सभेच्या दिवशी सकाळी ठकुबाईने चावडी झाडली. मग तिने मला नेहमीसारखी निम्मी पसरली आणि क्षणभर थांबून गुंडाळीला पायाने ढकलले. मी उलगडत उंबऱ्यावरून बाहेर गेले आणि अंगणात पार लिंबाच्या सावलीपर्यंत पोहोचले. त्या भागाला कित्येक वर्षांत ऊन लागले नव्हते.

बायका आल्या आणि काठाशी थबकल्या. कुणी पुढे होईना. शेवटी कुशाबाई पदर सावरून मधोमध बसली आणि, आता मला एकटीला बसवता का सगळ्याजणी, असे तिने विचारले. मग एकेक करून सगळ्या बसल्या. एका म्हातारीने तर आधी मला हात लावून नमस्कार केला.

हिंदुराव आले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी ठकुबाईला बाहेरचा भाग गुंडाळायला सांगितले.

“गुंडाळते की, सरपंच,” ठकुबाई म्हणाली. “पर वरच्या बाया आदी तुमी उठवा.”

हिंदुरावांनी बायकांकडे पाहिले. त्यांत त्यांची स्वतःची आईही होती. तेवढ्यात समितीची मोटार आली.

सभा सुरू झाली. हिंदुरावांनी गावाच्या वतीने सांगितले की सगळे ठीक आहे, बायकांचीही काही तक्रार नाही. समितीचे मोठे साहेब काही बोलणार तोच त्यांना शिंक आली, मग दुसरी आली. माझी मला लाज वाटली. ही जाजम धुतली नाही का, असे त्यांनी हसत विचारले. आतल्यांच्या आधी ठकुबाईने बाहेरूनच सांगितले की नदीची वाट बंद झाल्यापासून धुतलेली नाही.

साहेबांनी मान वळवली आणि कसली वाट, ते विचारले. कुशाबाई बसूनच बोलली.

“साहेब, ह्यांनी काय वाईट केलं न्हाई. गाडीवाट सांगितली, कुरन सांगितलं, देवाची जागा सांगितली. पान्याची वाट ऱ्हायली, कारन त्या वाटेनं ह्यांच्यातलं कुनी गेलंच न्हाई. आमच्यातली एक जरी हितं बसलेली असती, तर तिनं आदी तीच सांगितली असती. म्हनून म्हनते, नव्या कायद्यात पंचायतीत बायांची जागा लिवा.”

हिंदुरावांनी वेळ मारून न्यायला थट्टा केली. “वयनी, तुमी पंचायतीत बसल्यावर भाकरी कोन थापनार?”

“तुमी सभेला उपाशी येता का, भावजी? तुमच्या आदी आमचं थापून झालेलं असतंय.”

आतली माणसेही हसली. साहेब हसले नाहीत. ते बराच वेळ लिहीत होते.

पुढे नवा कायदा झाला आणि त्यात पंचायतीत बायकांसाठी जागा राखल्या गेल्या. आमच्या अंगणातले बोलणे त्यात किती मोजले गेले, हे कळायला मला मार्ग नाही. अशी बोलणी पुष्कळ ठिकाणी झाली असतील. कुशाबाई पंचायतीत आली. पहिल्याच बैठकीत तिने पायवाटेचा ठराव मांडला आणि पहिला हात हिंदुरावांचा वर झाला. कारखान्याच्या साहेबांना तिथे वाट होती हेच ठाऊक नव्हते. त्यांनी कुंपणाला फाटक करून दिले.

आता पंचायतीला खुर्च्या आल्या आहेत. मला वाटले होते, आपले दिवस संपले. पण बैठकीच्या आदल्या दिवशी बायका मला लिंबाखाली पसरतात, म्हणजे कुशाबाईला दुसऱ्या दिवशी काय बोलायचे ते ठरते. परवा तिथे शालनबाई आली. मराठवाड्याकडून नवऱ्याबरोबर आलेली, कडेवर मूल. ती माझ्या काठाबाहेर उभी राहून विचारू लागली की कारखान्यात बायकांना काम मिळाले तर तान्ही पोरे ठेवायची कुठे, त्याचा काही कायदा आहे का. सुमनताई सांगू लागल्या, पण कुशाबाईने त्यांना थांबवले.

“आदी बस,” ती शालनबाईला म्हणाली. “हुब्यानं इचारलेलं कुनी ध्यानात ठेवत न्हाई.”

शालनबाईने मुलाला माझ्यावर ठेवले आणि मग स्वतः बसली.

मित्रांनो, तुमच्याही गावात माझ्यासारखी एखादी जाजम असेल. तिला अधूनमधून ऊन दाखवा, झटका, उंदरांपासून जपा. आणि पसरण्याआधी उंबऱ्याबाहेर कोण उभे आहे, ते एकदा पाहून घ्या.