मागल्या भिंतीवरची माणसं

भावाचं लगीन आटोपून रुक्माबाई सासूसंगं शिरड शहापूरहून साखऱ्याला परतली तेव्हा दिवेलागण झाली होती. नवरा मुंजाजी पोरीपाशी घरीच राहिला होता. गर्दीत नेलं की चंदा डोकं आपटून घ्यायची. पोर झोपली होती. रुक्माबाई पाय धुवायला मागल्या दारी गेली, अन् भिंत बघून तिच्या हातातला तांब्याच पडला. भिंतीवरची पिवळी बाई काळी झाली होती!

आता ही भिंत म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. चंदा सहा वर्षांची, पण तोंडात शब्द नाही, कुणाच्या डोळ्याला डोळा नाही. बसली की डोलत राहायची. चित्रं मात्र काढायची. घरातल्या प्रत्येकाला तिनं एकेक रंग वाटून दिला होता. बाप निळीचा, आजा गेरूचा, आई हळदीची, बैल चुन्याचा. दुसरा रंग कुणी हातात दिला तर कडकडून चावायची.

गेल्या साली आज्याला, कोंडीबाला, शेजारच्या जळबानं गाडीत घालून हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चंदानं कोळसा घेऊन आजा काळा केला, अन् दुपारी त्याचं मढंच दारात आलं. पुढं जळबा बैल घेऊन बाजाराला गेला, तिथंच मुक्कामी राहिला. सकाळी बैल काळा, अन् दुपारी सांगावा आला की बैलाला पान लागलं, साप चावून मेला. झालं! गावाला एवढं पुरे होतं. विहिरीवरच्या बाया चंदाला बघून आपली पोरं पदराआड घ्यायला लागल्या.

आणि आता रुक्माबाईची पाळी. तिला घास गिळेना. छातीत जरा धडधडलं की वाटायचं, आलं, हेच ते.

सकाळी सासूनं, लक्ष्मीबाईनं, भिंत पाहिली.

"म्या म्हनत नव्हते? त्या हातातच हाय काय ते. डाग देल्याबिगर जायचं न्हाई," म्हणत तिनं विळा चुलीत खुपसला. लेकराला फेफरं येवो की पोट फुगो, डाग द्यायची रीतच होती तिथं.

"माय, लेकरू हाय ते," मुंजाजी म्हणाला. "समजून का करून राह्यलं?"

"बायकू मेल्यावर समजंल तुला!"

तो बाजूला सरला. अन् रुक्माबाई? आई ना ती? तिनं आडवं पडायला पाहिजे होतं. पण जिवाची भीती लई वंगाळ, ती आईपण खाऊन टाकते. तिला मरायचं नव्हतं. "काहून केलंस गं असं? म्या काय केलं तुझं?" असं म्हणत, रडत रडत तिनंच लेकीचं मनगट धरलं, अन् घट्ट धरलं. सासूनं विळा उजव्या हातावर टेकवला. चंदाची किंकाळी अख्ख्या गल्लीनं ऐकली.

मग रुक्माबाईनंच तेलात हळद कालवून डागावर थापली. चंदा हुंदके देत डोलत होती. तिची नजर हळदीवर थांबली. तिथून आईच्या बांगड्यांवर गेली, लुगड्यावर गेली; तोंडाकडं गेलीच नाही. एकाएकी ती उठली अन् मागल्या दारी पळाली.

"आता कुनाला काळं करती गं बया!" सासू ओरडली, अन् सगळे मागं धावले.

चंदा भिंतीपाशी उभी होती. भाजल्या हातावरची हळद डाव्या बोटांनी खरवडायची, कण्हायची, अन् काळ्या बाईच्या तोंडावर फासायची. बाई पिवळी होत चालली होती.

"तू घरी नव्हती ना," मुंजाजी हळूच म्हणाला. "रात्री निजताना तुही जागा चाचपत होती. सकाळी मंग कोळसा घेतला तिनं."

रुक्माबाईला एकेक आठवत गेलं. आज्याची बाज रिकामी राहिली त्याच्या दुसऱ्या सकाळी आजा काळा झाला होता. बैलाचा खुंटा रिकामा राहिला, तेव्हा बैल. पोरीनं मारलं कुणालाच नव्हतं. जे घरी नाही, ते काळं. आई आली, आईला तिचा रंग परत.

"चंदे, माझे माय," म्हणत ती गुडघ्यावर सरकत पुढं गेली. तशी चंदानं भाजलेला हात पाठीमागं लपवला, अन् डाव्या हातानं भिंतीवरच्या आईचे पाय पिवळे करत राहिली.