चंद्राच्या शेपटीच्या रेघा

"मानवजातीचा इतिहास आज या भिंतीपासून नव्याने सुरू होतो!" डॉक्टर वुकोटा गरजले. माइकची बॅटरी उतरली होती, त्यामुळे इतिहास तिसऱ्यांदा सुरू करावा लागला.

सर्बियातल्या डोंगरावरचं ते एवढंसं चर्च. भिंतीवर क्रुसावरचा येशू, सहाशे वर्षांचा. त्याच्या दोन अंगांना सूर्य आणि चंद्र, दोघांच्याही पोटात एकेक माणूस आणि मागे धूमकेतूसारखी शेपटी. देवाच्या मरणाला सूर्यचंद्रही रडायला यायचे, अशी जुन्या चित्रकारांची रीत. वुकोटांच्या मते मात्र ही अंतराळयानं होती. वुकोटा दातांचे डॉक्टर. आ वासून वर बघणाऱ्या माणसांचा अनुभव त्यांना दांडगा.

दाराजवळच्या बाकावर स्पासेनिया बसली होती. वय एकाहत्तर. उभा जन्म भित्तिचित्रांच्या डागडुजीत गेलेला. पडल्या जागी गिलावा भरायचा आणि त्यावर केसाएवढ्या उभ्या रेघा ओढून रंग जुळवायचा. लांबून चित्र अखंड दिसावं, जवळ गेल्यावर मात्र जुनं कुठलं आणि भर कुठली हे कळावं. बघणाऱ्याला फसवायचं नाही, हा त्या कामाचा धर्म. भिंतीवर सही करायची पद्धत नव्हती. रेघा हीच सही.

"आणि हा पुरावा!" डॉक्टरांनी छत्रीचं टोक चंद्राच्या शेपटीला टेकवलं. "या बारीक रेघा पाहा! यानातून सुटलेली आग!"

स्पासेनिया उठली. "छत्री काढा आधी. माझ्या रेघा आहेत त्या."

"आजी, चित्रण चालू आहे."

"चालू दे की. अठ्ठ्याहत्तर साली ओल येऊन शेपटी गळाली होती. अकरा दिवस शिडीवर मान मोडून भरलीय मी."

फादर मिलादिन लगबगीने आले. "गप बस गं बाई! रविवारी सात डोकी यायची इथे, त्यातली दोन झोपायची. आता बसगाड्या येतायत. छप्पर होईल आपलं."

"छप्पर होईल, आणि त्याखाली लोक माझ्या गिलाव्याला हात जोडतील. फादर, तीस वर्षं घंटा वाजवताय, कधी भिंतीजवळ जाऊन बघितलंत?"

"ही आग नाही कशावरून?" डॉक्टर हट्टाने म्हणाले.

"पिवळी माती आणि काजळी, डबे अजून घरी आहेत. आग लावायचीच असती, तर तुमच्या छत्रीला लावली असती."

कॅमेरावाला खो खो हसला. डॉक्टर लाल झाले. मग त्यांनी टॉर्च मागवली, शिडीवर चढले आणि भिंतीला नाक लावून बराच वेळ बघत राहिले.

"सुरेख काम आहे," ते वरूनच म्हणाले. "एकही रेघ दुसरीला शिवत नाही."

एवढ्या वर्षांत हे कुणी बोललं नव्हतं. स्पासेनियाने उगाच डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

डॉक्टर खाली उतरले, तिला कोपऱ्यात घेऊन गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आजी, एक विनंती होती. सूर्याची शेपटी फारच फिकी पडलीय हो. सकाळची बस यायच्या आत तिथेही चार रेघा ओढून द्याल?"